कणकेचा अंदाज : घरातल्या सबवूफरची एक समीक्षा

गाण्यावर टीका करायची म्हटलं की आपण गायकावर करतो, फार तर साथीदारावर. आज आम्ही टीका करणार आहोत ती एका पेटीवर. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, सबवूफर. (हशा) हसू नका. ज्या यंत्रातून गाणं आपल्यापर्यंत पोचतं तेही गायकाला साथच करत असतं. मग त्याची समीक्षा का नको?

प्रसंग लोणावळ्यातला. पावसाळ्याचे दिवस, एका स्नेह्यांचा बंगला. खाली फरशी, एका बाजूला भलीमोठी काच, भिंती कोऱ्या. यजमानांनी हौसेनं सबवूफर आणलेला. ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावलं, पुरुष गायक, पट्टी काळी एक. तानपुऱ्याचा खर्ज खोलीभर पसरला आणि खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं आम्हीही खूश होतो. मग तबला आला. डग्ग्यावर मनगट घासून वादक स्वर खाली-वर नेतो ना, ती मींड गेली कुठे? प्रत्येक 'धा'ला एकाच उंचीचा एकच 'धूम्'.

बाहेर पावसाचा आवाज, म्हणून यजमानांनी बटण चढवलेलं. दहाच्या सुमाराला पाऊस थांबला तेव्हा त्यांनी ते उतरवलं. गायक लांब गेला, धूम् मात्र होता तिथेच राहिला. थोड्या वेळानं उताराच्या खालच्या अंगाला राहणारे, बंगल्याची राखण करणारे गृहस्थ वर आले. म्हणाले, "साहेब, गाणं नाय ऐकू येत, निस्ती धडधड येती. पोरगं झोपंना."

त्या रात्रीची सगळ्यात नेमकी समीक्षा हीच, असं आमचं मत आहे. बाकीचं व्याख्यान म्हणजे या एका वाक्यावरचं भाष्य समजा.

पहिला दोष जोडणीचा. सबवूफरची तार अँपच्या मागे, टेपवर मुद्रण करण्यासाठी जे आउटपुट असतं, तिथून काढलेली होती. तिथला सिग्नल आवाजाच्या बटणाच्या आधीचा असतो. बटण कितीही फिरवा, तो हलत नाही. म्हणजे मुख्य स्पीकर एकाच्या हुकमात आणि सबवूफर आपल्या मर्जीचा मालक. तार बटणाच्या पुढून घ्यायला हवी. 'प्री-आउट' असेल तर तिथून. नसेल आणि सबवूफरला तशी सोय असेल, तर स्पीकरच्या टर्मिनलवरून. मग एकच बटण राहतं आणि सगळे बरोबर चढतात, बरोबर उतरतात. मैफलीत गायक हळू झाला की तबलजीही हात आवरतोच ना? तेवढीच अपेक्षा आहे.

दुसरा दोष खोलीचा, आणि तो जास्त गमतीचा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. खोली 5 मीटर लांब असेल तर ती लांबीच्या अंगानं साधारण 34 आणि 69 हर्ट्झला स्वतःच घुमू लागते. आता काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार किती? 69 हर्ट्झ! म्हणजे खोलीच तानपुरा होऊन बसली. भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर तो स्वर फुगतो, आणि त्याच भिंतीपासून सव्वा मीटर पुढे सरकलात तर जवळजवळ नाहीसा होतो. डग्ग्याची मींड अशा ठिकाणाहून गेली की तिथे उसळते, बाकीच्या जागी विरते. म्हणून कानाला एकच धूम्.

त्यात क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवलेला. सिनेमासाठी ठीक आहे. पण इथे खर्जाचा मूळ स्वर सबवूफरकडे गेला, आणि त्याचे वरचे स्वयंभू स्वर व बाकीच्या तीन तारा मुख्य स्पीकरकडे. दोघांचा मेळ नसेल तर तानपुरा मधोमध फुटतो.

यावर यजमानांचा आक्षेप होता. "बास कमी केला की रात्री हळू आवाजात गाणं कोरडं वाटतं." आक्षेप खोटा नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून दाखवलं : आवाज उतरला की कानाला आधी खालचे स्वर कमी ऐकू येतात. जुन्या अँपवरचं 'लाउडनेस'चं बटण त्यासाठीच असतं. रात्री थोडा बास वाढवा, आमची हरकत नाही. पण आवाज चढवताना तो काढून घ्यायचा, हे कोण लक्षात ठेवतो?

आणि शेजाऱ्याचं काय? भिंती बारीक स्वर अडवतात, खर्ज आरपार जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची, आणि खाजगी यंत्राचा आवाज हद्दीवर त्याहून 5 पेक्षा जास्त वर जाता कामा नये. पण हे मोजमाप 'ए' पट्टीवरचं आहे. त्या पट्टीत 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलनं कमी धरला जातो. मीटर खुशाल पास करेल आणि खालच्या घरातलं पोर जागंच राहील. तेव्हा आकड्यात बसलो म्हणजे सुटलो, असं नाही.

मग करायचं काय? मावळात भजनाला बसलेल्या कुणालाही विचारा. पखवाजी डाव्या तोंडावर कणीक लावतो. थाप मारतो, ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. जास्त झाली तर बोल बसतो, कमी पडली तर भरीवपणा जातो. ही कणीक दर वेळी नव्यानं लावायची असते. कालचा अंदाज आज चालेलच असं नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केलं. तार बदलली. सबवूफर उचलून चक्क ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवला, तोच डग्गा लावला आणि आम्ही भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरलो. (हशा) जिथे मींड सलग ऐकू आली, तिथे सबवूफर नेऊन ठेवला. क्रॉसओव्हर खाली 60 च्या आसपास आणला. फेजचं बटण दोन्हीकडे करून ज्या बाजूला खर्ज भरीव वाटला तिथे ठेवलं. सबवूफरचा स्वतःचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवला आणि 'आता आला' असं वाटताच थोडा मागे घेतला. यजमान म्हणाले, "हा चालू आहे का?" आम्ही तो बंद केला. तेव्हा ते म्हणाले, "अहो, तानपुरा कुठे गेला?"

घरी गेल्यावर एवढं करून बघा. गाणं लावा, दार ओढून घ्या आणि कुंपणापर्यंत चालत जा. तिथे गाणं ऐकू न येता नुसती धडधड आली, तर परत फिरा. कणीक जास्त झाली आहे.