पाटी कोणाच्या बाजूने बोलते?

बारामती-इंदापूर पट्ट्यात रोज वाचला जाणारा मजकूर पुस्तकांत कमी आणि एसटीवर, दुकानांवर, कालव्याकाठी जास्त असतो. त्याची समीक्षा मात्र सहसा होत नाही.

‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ हे वाक्य पाहा. गाडीला उशीर होतो, ही कबुली त्यात आहे. समोर वडापची जीप उभी असताना अशी कबुली देणे धाडसाचेच. तरीही ती तक्रार वाटत नाही, निष्ठा वाटते. कारण इथे महामंडळ बोलत नाही, प्रवासी बोलतो. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या ओळीने तर गाडी थांबवण्याचा अधिकारच वाटेवरच्या माणसाला दिला. दोन साधी क्रियापदे, विशेषण एकही नाही.

आता पाण्याकाठचा नेहमीचा साचा घ्या : ‘सदर ठिकाणी पोहण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ सदर, सक्त, आदेशावरून हे तिन्ही शब्द कचेरीचे. पाणी किती खोल, ओढ किती, काठ निसरडा आहे का, यातले काहीच पोराला कळत नाही. उद्या काही घडले तर ‘आम्ही सांगितले होते’ म्हणायची सोय तेवढी होते. ‘पाणी खोल आहे. उतरू नका.’ हे पाच शब्द पुरले असते.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ते संकट वाऱ्याचे होते, पाटीने ते टळले असते असे म्हणता येणार नाही. पण अशा धक्क्यावर ‘वारा सुटला की बोट बंद. जॅकेट घातल्याशिवाय बसू नका’ एवढे ठळक लिहिलेले असले, तर नको म्हणणाऱ्या प्रवाशाला आधार मिळतो.

दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला; पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने लिपी आणि अक्षरांचा आकार ठरतो. ‘मल्टिस्पेशालिटी’ देवनागरीत आले, तरी आत कोणत्या आजारावर उपचार होतात हे कळत नाहीच.

ग्रामपंचायतीने पाटी रंगवण्याआधी मजकूर चौथीतल्या मुलाला वाचायला द्यावा आणि ‘आता तू काय करशील?’ असे विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर मजकूर बदलावा.