‘अपरोक्ष’चा वाद आणि शुद्धतेची प्रमाणे

मराठीतील शब्दशुद्धीच्या चर्चांमध्ये ‘अपरोक्ष’ हा शब्द पुन्हा पुन्हा आरोपी म्हणून उभा केला जातो. डोळ्यांच्या, पर्यायाने इंद्रियांच्या, पलीकडचे ते ‘परोक्ष’. जे तसे नाही ते ‘अपरोक्ष’. म्हणजे ‘अपरोक्ष’चा संस्कृतातील अर्थ साक्षात, समक्ष असा आहे. मराठी भाषक मात्र ‘माझ्या अपरोक्ष हे घडले’ असे म्हणतो, तेव्हा त्याला ‘माझ्या पाठीमागे’ हेच सांगावयाचे असते. शब्द मूळ अर्थाच्या नेमक्या विरुद्ध टोकाला गेल्यामुळे शुद्धिवाद्यांना तो अपभ्रष्टतेचा सज्जड पुरावा वाटतो. त्यांचे प्रतिपक्षी ‘लोक बोलतात तेच शुद्ध’ असे सांगून वाद मिटवू पाहतात. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही पक्षांचे एक गृहीतक मात्र समान आहे : शुद्धता ही एकच गोष्ट असून तिचा निवाडा करणारे प्रमाणही एकच आहे. प्रश्न या गृहीतकाचाच आहे.

‘अशुद्ध’ या एका विशेषणाखाली मराठीत किमान तीन वेगळे दोष एकत्र केले जातात. पहिला लेखनसंकेताचा. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांनी ‘केलें’वरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला आणि ‘कवि’, ‘बुद्धि’ हे तत्सम शब्द ‘कवी’, ‘बुद्धी’ असे दीर्घान्त केले. ‘बुद्धिवाद’सारख्या समासात मात्र पूर्वपद ऱ्हस्वान्तच राहिले. परिणामी संस्कृतात निर्दोष असलेले ‘कवि’ हे रूप आजच्या मराठी लेखनात चूक ठरते. येथे शब्दाच्या सत्यासत्याचा संबंध नाही. सर्वांनी एकसारखे लिहावे एवढ्यासाठी केलेला तो करार आहे. करार म्हणून तो पाळला जाणे इष्टच आहे. पण तो मोडणे म्हणजे भाषेविषयी अज्ञान प्रकट करणे नव्हे.

दुसरा दोष शब्दसिद्धीचा. पाणिनीय व्युत्पत्तीनुसार ‘राष्ट्रिय’ हे रूप सिद्ध होते. मराठीने ‘राष्ट्रीय’ स्वीकारले आहे. इतरत्र संस्कृत व्याकरणाची साक्ष काढणारे अभ्यासकही हा शब्द निःशंकपणे लिहितात. याचा अर्थ असा की, संस्कृत व्याकरण हे मराठीत अंतिम प्रमाण म्हणून वापरले जात नाही. सोयीनुसार बोलावयाचा साक्षीदार म्हणून वापरले जाते.

तिसरा दोष अर्थाचा. संस्कृतातील ‘राग’ म्हणजे रंग, अनुराग. मराठीत तो संताप झाला. ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन. मराठीत ती दंड झाली. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न. मराठीत ती थट्टा झाली. ‘अघोर’ म्हणजे जे घोर नाही ते; परंतु मराठीतील ‘अघोरी’ कृत्य भयंकरच असते. ‘अपरोक्ष’प्रमाणे येथेही नकारार्थी उपसर्ग आपले काम सोडून बसला आहे, तरीही ‘अघोरी’वर कोणी खटला भरलेला नाही. तेव्हा ‘अपरोक्ष’वरील आक्षेप तत्त्वाचा नसून निवडीचा आहे, हे मान्य करावे लागते. त्याचे लेखन नियमानुसार आहे, त्याची सिद्धीही बिनचूक आहे. उरतो तो केवळ अर्थ, आणि अर्थाच्या बाबतीत मराठीने संस्कृतची आज्ञा कधीच शिरोधार्य मानलेली नाही.

मात्र एवढ्यावरून प्रतिपक्षाचा विजय झाला असे समजणे घाईचे होईल. वेदान्तविचारात ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हणजे साक्षात्कारी, अव्यवहित ज्ञान; ‘परोक्ष ज्ञान’ शब्दाने, श्रवणाने मिळते. हा भेद त्या दर्शनाचा कणा आहे. बोलीतील अर्थ घेऊन ‘अपरोक्षानुभूति’ हे ग्रंथनाम वाचणाऱ्याला ते अनुपस्थितीचा अनुभव सुचवील आणि संपूर्ण विवेचन उलटे उभे राहील. येथे शुद्धिवाद्याचा आग्रह पांडित्यप्रदर्शन राहत नाही. तो अर्थरक्षण ठरतो. म्हणून शब्दाविषयी विचारावयाचा प्रश्न ‘मुळात याचा अर्थ काय होता?’ हा नसून ‘या व्यवहारात हा भेद कोणते काम करतो?’ हा आहे. घरगुती संभाषणात तो काहीच काम करत नाही. दर्शनचर्चेत तोच सर्व काही करतो.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने या विवेकाचे महत्त्व अधिक आहे. लेखननियमांत ४ नियमांची भर पडली त्याच १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण मराठीची प्रमाणव्यवस्था पूर्ण होत असतानाच त्या व्यवस्थेच्या कोशाबाहेरची शब्दसृष्टी कवितेत आली, हा योग बोलका आहे. अशा कवितेला ‘अशुद्ध’ म्हणणारा समीक्षक वेगळ्या वस्तीचा शब्दसंग्रह आणि लेखनातील चूक यांत गल्लत करतो. परंतु अशा कवितेतील प्रत्येक ऱ्हस्वदीर्घाच्या विचलनात विद्रोह पाहणारा समीक्षकही तीच गल्लत उलट दिशेने करतो. मुद्रणदोषाला तो भूमिकेची प्रतिष्ठा देतो. एकाची निंदा आणि दुसऱ्याचा गौरव, दोन्ही संहिता न वाचताच पार पडतात.

लेखनाचा करार, शब्दाची घडण आणि अर्थाचा व्यवहार ही तीन प्रमाणे वेगळी ठेवली, तर शुद्धतेची चर्चा निरर्थक ठरत नाही. उलट ती प्रथमच समीक्षेच्या उपयोगाची होते. विद्यार्थ्याच्या प्रबंधातील एखाद्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली जाते तेव्हा ती यांपैकी कोणत्या प्रमाणाने ओढली, हे सांगण्याचे दायित्व रेघ ओढणाऱ्यावर येते. ते सांगता येत नसेल, तर ती रेघ शब्दाखाली नसून बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानाखाली ओढलेली असण्याचा संभव मोठा आहे.