शंकूच्या कडेला मोरजी

रसग्रहण कवितेचं होतं, ख्यालाचं होतं, मंदिरातल्या कोरीव खांबाचंही होतं. चक्रीवादळाच्या अंदाजाचं कुणी करत नाही. पण 2021 च्या मे महिन्यात भारतीय हवामान खात्याने तौक्ते वादळाविषयी काढलेली पत्रकं तारीखवार लावून सलग वाचावीत. त्यांत रचना आहे, संयम आहे, आणि जेवढं कळलं तेवढंच बोलण्याची जी शिस्त आहे ती आपल्याकडच्या चांगल्या गद्यातही क्वचित आढळते. मी ही पत्रकं उत्तर गोव्यातल्या मोरजी या किनाऱ्यावरच्या गावाच्या अंगाने वाचतो. मोरजीचं नाव त्यांत येत नाही. वादळ कुठे धडकणार, या प्रश्नाचं त्यांतलं उत्तर गुजरात असं आहे. तरीही मोरजीतल्या तेंबवाड्याच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसासाठी त्यांत पुष्कळ काही लिहिलेलं आहे.

आधी क्रम पाहू. सुरुवातीच्या पत्रकांत वादळ नाहीच. 14 मेच्या सुमारास आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होईल, वायव्येकडे सरकत ते जोर धरेल आणि 16 मेपर्यंत त्याचं चक्रीवादळ होईल, एवढंच. पाणी अजून शांत असताना केलेलं हे विधान. प्रत्यक्षात समुद्राने अंदाजाला मागे टाकलं. 14 आणि 15 मेच्या मधल्या रात्रीच लक्षद्वीपच्या परिसरात वादळ उभं राहिलं आणि म्यानमारने सुचवलेलं तौक्ते हे नाव त्याला मिळालं. 15 मेची पत्रकं म्हणतात, पोरबंदर ते नलिया या पट्ट्यात, 18 मेच्या सुमारास. 16 मेची म्हणतात, पोरबंदर ते महुवा या पट्ट्यात, 18 च्या पहाटे. 17 मेच्या रात्री वादळ दीव आणि ऊना यांच्यामध्ये किनाऱ्यावर चढलं, ताशी 160 ते 170 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी.

यातले 15 आणि 16 तारखेचे दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवून बघा. पोरबंदर दोन्हींत आहे. आदल्या दिवशी पोरबंदरच्या वरचा, कच्छच्या बाजूचा किनारा धोक्यात होता. दुसऱ्या दिवशी पोरबंदरच्या खालचा, सौराष्ट्राच्या दक्षिण अंगाचा. चोवीस तासांत अंदाजाने मार्ग थोडा उजवीकडे वळवला, वेळही अलीकडे ओढली. पुष्कळांना यात खात्याची धरसोड दिसते. मला हा बदल देखणा वाटतो. उपग्रहाची नवी चित्रं आली, किनाऱ्यावरच्या रडारांनी वादळ टिपायला सुरुवात केली, आणि लिहिणाऱ्याने आपलं वाक्य दुरुस्त केलं. आधीचं वाक्य लपवलं मात्र नाही. पत्रकांना क्रमांक असतात. नवं निघालं तरी जुनं जसंच्या तसं राहतं. आपला मजकूर कसा बदलत गेला हे वाचकापुढे उघडं ठेवणारे लेखक थोडे.

आता नकाशा. मधून जाणारी रेघ, रेघेवर ठरावीक तासांचे ठिपके, आणि दोन्ही बाजूंनी पसरत जाणारा शंकू. हा अनिश्चिततेचा शंकू आपल्या खात्याने 2009 पासून काढायला घेतला. वाहिन्यांवर रेघ ठळक होते, शंकू फिकट होतो, कधी गळूनच जातो. हे पाहून मला चीड येते, कारण नकाशाचा खरा मजकूर शंकूत आहे. त्याची रुंदी हा वादळाचा आकार नाही. मागच्या वर्षांत खात्याचे अंदाज सरासरी किती चुकले, त्याची ती मोजदाद आहे. स्वतःच्या चुकांचा हिशेब चित्राच्या मधोमध मांडून ठेवणारी दुसरी कला मला ठाऊक नाही.

ते आकडे आपल्या भूगोलावर ठेवून पाहिले की चित्र बोलू लागतं. अलीकडच्या वर्षांत चोवीस तास आधीच्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा सरासरी ऐंशी किलोमीटरच्या आसपास चुकते, तीन दिवस आधीच्या अंदाजात दीडशेच्या आसपास. केरीपासून पोळेपर्यंत गोव्याचा किनारा आहे सुमारे 105 किलोमीटर. तीन दिवस आधीच्या चुकीत अख्खा गोवा मावतो. मोरजी की पाळोळे, हे आदल्या दिवशीसुद्धा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग हंगाम सुरू होण्याआधीच, यंदा कुठला किनारा सापडणार, हे सांगायची हाव माणसाला सुटतेच कशी? सुटते खरी, आणि तिचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात विल्यम ग्रे यांनी 1984 मध्ये अटलांटिकच्या हरिकेन हंगामाचा अंदाज आधी वर्तवायला सुरुवात केली. त्यांच्या हाती आलेलं एक प्रमुख सूत्र एल निनोचं होतं: प्रशांत महासागर तापला की अटलांटिकमधली वादळं दबतात. या सूत्राचं एक मूळ भारतात आहे. 1904 ते 1924 या काळात इथल्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर आपला मोसमी पाऊस का दगा देतो हे शोधत होते. जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी पडताळताना प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला दाबाचा झोका त्यांना सापडला. भारतातल्या दुष्काळाच्या काळजीतून निघालेलं ते ज्ञान पुढे फ्लोरिडाच्या किनाऱ्याच्या कामी आलं.

पण त्या हंगामी अंदाजाचा मजकूरही नीट वाचायला हवा. तो वादळांची संख्या सांगतो. किनाऱ्यांच्या बाबतीत संपूर्ण अमेरिकी किनाऱ्यासाठी एक टक्केवारी देतो आणि मग राज्यागणिक टक्केवाऱ्या. 1992 चा अटलांटिक हंगाम अगदी मंद होता, आणि त्याच हंगामात ऑगस्टमध्ये अँड्र्यू या हरिकेनने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला. 2010 मध्ये नाव मिळालेली वादळं 19 झाली, त्यांतली 12 हरिकेन, आणि एकही हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्यावर चढलं नाही. हंगाम कसा जाईल हे कळलं तरी वादळ कुणाच्या दारी येईल ते कळत नाही. म्हणून आपल्या खात्याचा संयम मला अधिक भावतो. दर गुरुवारी ते पुढच्या दोन आठवड्यांत अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात वादळ जन्मण्याची शक्यता किती, ते सांगतं. रोजच्या पत्रकात पुढच्या काही दिवसांसाठी या शक्यतेच्या पायऱ्या पक्क्या आहेत: मुळीच नाही, कमी म्हणजे 33 टक्क्यांपर्यंत, मध्यम म्हणजे 34 ते 67, जास्त म्हणजे 68 च्या पुढे. आपण रोजच्या बोलण्यात बहुतेक, कदाचित, नक्की हे शब्द वाटेल तसे उधळतो. इथे प्रत्येक शब्दामागे आकडा बसवलेला आहे.

आता पुन्हा 16 मेच्या रविवारी येऊ, कारण आपल्यासाठी सगळं काही त्या दिवसाच्या पत्रकात आहे. पहाटे साडेपाचला केंद्र पणजीच्या पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे 130 किलोमीटरवर होतं. शंकू केंद्रापुरता असतो. वारा, पाऊस आणि लाटा त्याची मर्यादा पाळत नाहीत. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. वादळ उत्तरेकडे सरकत असेल तर त्याच्या उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग एकमेकांत मिळतात, म्हणून तिथला वारा अधिक कडक असतो. तौक्ते किनाऱ्याला जवळजवळ समांतर वर सरकत होतं आणि अख्खा कोकण, गोव्यासकट, त्याच्या उजव्या हाताला होता. वारा दक्षिण-नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून जमिनीकडे. पश्चिमेला तोंड करून बसलेल्या आणि दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख असलेल्या मोरजीला हा वारा थेट अंगावर येणारा. त्या दिवशी गोव्यात झाडं आणि विजेचे खांब कोसळले, दोन माणसं गेली, आणि कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना कितीतरी गावं अंधारात बसली. पुढे मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं दगावली. ही सगळी हानी वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढण्याआधीची आहे.

याहून बोलकं उदाहरण ओखीचं. 2017 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते वादळ अरबी समुद्रात गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर होतं, आणि शेवटी कमकुवत होऊन दक्षिण गुजरातला पोचलं. नकाशावरच्या रेघेने गोव्याला हात लावला नाही. पण 3 डिसेंबरची रात्र पौर्णिमेची होती, चंद्र पृथ्वीजवळ होता, उधाणाची भरती होती. दूरच्या वादळाने ढकललेल्या लाटा त्या भरतीवर स्वार होऊन आल्या आणि केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यांवरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं. नोव्हेंबरपासून मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालू लागतात. भरतीची रेषा चार हात वर सरकली तर घरट्याचं काय होतं, हे तेंबवाड्यातल्या घरट्यांच्या रखवालदाराला सांगावं लागत नाही. त्याच्यासाठी वादळ कुठे चढणार यापेक्षा लाट किती उंच आणि भरती किती वाजता, हा अंदाज मोलाचा. तो हैदराबादची सागरी माहिती संस्था, इन्कॉइस, देते.

गोव्यावर थेट चढून आलेली वादळं विरळाच. अरबी समुद्रातली बहुतेक वादळं वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या रेट्याने एक तर ओमान-येमेनकडे जातात, नाहीतर वर गुजरातकडे वळतात. जोरदार मोसमी वारे वादळाचा उभा डोलारा तिरका करून मोडतात, म्हणून वादळांचे मुख्य हंगाम दोनच: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. 2009 च्या 11 नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये चढलेलं फयान, 2020 च्या 3 जूनला अलिबागच्या दक्षिणेला चढलेलं निसर्ग, ही कोकणच्या आठवणीतली नावं या दोन हंगामांतलीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1982 ते 2019 चा अभ्यास करून दाखवलं आहे की अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. 2019 या एका वर्षात तिथे वायू, हिका, क्यार, महा, पवन अशी पाच झाली. त्यांतलं वायू गुजरातवर धडकणार म्हणून लाखो लोक हलवले गेले आणि ते किनाऱ्याजवळून वळून निघून गेलं. त्या वेळी झालेली टीका मला अन्यायाची वाटते. शंकूत समुद्राचाही भाग होता, आणि वादळ त्या भागातून गेलं.

पत्रकाची भाषा आपल्या किनाऱ्याला परकी नाही. पूर्वीपासून बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढल्या जातात. एक ते अकरा अशा त्या खुणा आहेत, दिवसा आकारांच्या आणि रात्री दिव्यांच्या. शेवटची, अकरावी खूण मला सर्वांत थरारक वाटते: हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, यापुढे आपलं आपण पाहा. आज तीच चढण चार टप्प्यांत येते, 72 तासांची पूर्वसूचना, 48 तासांचा इशारा, 24 तासांचा धोक्याचा इशारा, आणि वादळ जमिनीवर चढण्याच्या 12 तास आधीचं, पुढे आत कुठे जाईल ते सांगणारं पत्रक.

आणि पत्रकाचा शेवट. सुरुवात होते अक्षांश-रेखांशांच्या दशांशांनी, मग वाऱ्याच्या वेगाचं कोष्टक, पाऊस, समुद्राची स्थिती, उधाणाची उंची, मच्छीमारांना सूचना, आणि अखेरीस जिल्हावार अपेक्षित नुकसान: गवती छपरं, कच्ची घरं, वाकणारे विजेचे खांब, मोडणाऱ्या फांद्या, केळीच्या बागा. आकाशात हजारो किलोमीटरवरून पाहिलेली गोष्ट शेवटच्या परिच्छेदात घराच्या छपरावर येऊन टेकते. या उतरणीत कुठे विशेषण नाही, कुठे घाबरवणं नाही. माझ्या मते हा परिच्छेद साऱ्या पत्रकातला सर्वोत्तम आहे, आणि वर्तमानपत्रांत नेमका तोच जागेअभावी कापला जातो.

मासेमारीबंदी 1 जूनला सुरू होते. मेमधल्या वादळाच्या वेळी ट्रॉलर आणि रापणीच्या होड्या पाण्यात असतात. तेव्हा पुढच्या मेमध्ये पत्रक हाती आलं, तर ते शेवटून वाचायला घ्या. आधी अपेक्षित नुकसान, मग मच्छीमारांची सूचना, मग लाटांची उंची आणि भरतीची वेळ, मग शंकू, आणि रेघ सर्वांत शेवटी. आणि घरात कुणी समुद्रावर जाणारं असेल, तर त्यांनाही ते याच क्रमाने वाचून दाखवा.