देणगीच्या आवाहनपत्राची भाषा : तळेगावच्या पैसा फंडाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
धर्मादाय संस्था समाजाशी ज्या लेखनातून सर्वाधिक संवाद साधतात, ते देणगीचे आवाहनपत्र वाङ्मयीन चर्चेत क्वचितच येते. वस्तुतः मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची प्रतिष्ठा या पत्राच्या भाषेवर अवलंबून असते. मावळ तालुक्याच्या इतिहासातील एका आवाहनाच्या आधारे आजच्या आवाहनपत्राची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पैसा फंडाचे आवाहन :
स्वदेशी उद्योगांच्या उभारणीसाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. जमलेल्या निधीतून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचा या कारखान्याशी संबंध होता.

या आवाहनाचे सामर्थ्य शब्दवैभवात नसून त्याच्या रचनेत होते. त्यात रक्कम ठरलेली होती. चौसष्ट पैशांच्या रुपयातील एक पैसा मजुरालाही देता येण्याजोगा होता. त्यामुळे 'यथाशक्ती' या शब्दाआड दडलेला संकोच उरला नाही. हेतूही डोळ्यांपुढे उभा राहणारा होता. काचेच्या बांगड्या, दिव्यांच्या चिमण्या अशा वस्तू तेव्हा मोठ्या प्रमाणावर परदेशातून येत. तिसरे असे, की देणारा येथे उपकारकर्ता नसून भागीदार होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी पोस्टकार्डही एका पैशाला मिळे. एक पैसा मागण्यासाठी पोस्टकार्ड पाठवावे, तर देणगी पत्रातच खर्ची पडे. साहजिकच हे आवाहन टपालावर विसंबू शकत नव्हते. ते वृत्तपत्रांतून आणि माणसांच्या तोंडूनच पसरणे भाग होते. ही त्याची मर्यादा होती आणि बळही. अर्थात, निधी जमवणे आणि कारखाना चालवणे या भिन्न गोष्टी होत. आवाहन यशस्वी झाले म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आजचे आवाहनपत्र :
आज बहुतेक पत्रांचा आरंभ संस्थेच्या गौरवाने होतो, मध्यभाग विशेषणांनी भरतो आणि शेवट 'फूल ना फुलाची पाकळी' किंवा 'सढळ हाताने' अशा झिजलेल्या शब्दांनी होतो. किती रक्कम, कशासाठी, केव्हापर्यंत, हे वाचकाने शोधून काढायचे असते. करसवलतीचा उल्लेख हेच जणू मुख्य आकर्षण मानले जाते. परंतु नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नसल्याने तो आधारही आता डळमळीत झाला आहे. कंपनी अधिनियम 2013 मधील सामाजिक दायित्वाच्या तरतुदीनंतर तर पत्राला प्रस्तावाचे, तक्त्यांचे रूप आले आहे.

याहून गंभीर दोष दृष्टिकोनाचा आहे. लोणावळ्यास पावसाळी सहलीपुरता येणारा मुंबई-पुण्याचा वाचक डोळ्यांसमोर ठेवला, की आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ येथील माणूस 'दुर्गम', 'वंचित', 'मागास' एवढाच उरतो. त्याच्या दैन्याचे छायाचित्र पत्राला जोडले जाते. त्याने स्वतः काय केले, हे मात्र लिहिले जात नाही. पैसा फंडाने गरिबाला दाता मानले होते. आजचे पत्र त्याला केवळ याचक ठरवते.

पर्यायी मांडणी :
'दुर्गम भागातील गरीब विद्यार्थिनींना मदतीचा हात द्यावा' या वाक्याऐवजी पुढील कल्पित मजकूर पाहावा : 'वसतिगृहात बारा खाटा हव्यात. आठ खाटा गावकऱ्यांनी दिल्या. चार उरल्या आहेत. एका खाटेचा खर्च सोबत दिला आहे. जूनमध्ये मुली राहावयास येतील. खर्चाचा हिशेब जुलैत आपणास पाठवू.' येथे एकही गुणविशेषण नाही. तरीही गरज कळते, गावाचा वाटा दिसतो आणि हिशेबाचे वचन मिळते. देणगीनंतरचे हिशेबाचे पत्र हा आवाहनाचाच उत्तरार्ध होय. तो न लिहिणारी संस्था पुढच्या वर्षीचे पत्र आधीच दुबळे करून ठेवते.

निष्कर्ष :
आवाहनपत्राची परिणामकारकता करुणा चेतवण्यावर अवलंबून नसून निश्चित मागणी, दिसणारा हेतू, लाभार्थ्याचा सहभाग आणि हिशेबाची हमी यांवर अवलंबून असते. माजी विद्यार्थ्यांकडे वा उद्योगांकडे निधी मागणाऱ्या महाविद्यालयांनाही हाच निकष लागू पडतो. ज्याच्यासाठी मागणी केली, त्याने ते पत्र वाचले तर त्याची मान खाली जाईल काय, हा प्रश्न पत्र पाठवण्यापूर्वी विचारला जाणे अगत्याचे आहे.