डागडुजीचे शास्त्र

महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली अमलात आली, तिच्यात एक मोठे गमतीचे कलम आहे. ज्या इमारतीला ‘गृह’ या राष्ट्रीय मानांकनाचे तीन, चार किंवा पाच तारे मिळतील, तिच्या मालकास अनुक्रमे तीन, पाच किंवा सात टक्के अधिक चटईक्षेत्र बक्षीस मिळते. निसर्गावर कमी भार टाकल्याबद्दल त्याच निसर्गावर थोडा अधिक भार टाकण्याची सनद द्यावी, ही कल्पना ज्याच्या लेखणीतून उतरली त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. पण विनोद बाजूला ठेवला, तरी पर्यावरणस्नेही वास्तुरचनेची आपल्याकडील चर्चा कोणत्या वळणावर येऊन थबकली आहे, हे या कलमावरून नेमके उमगते. मानांकनाच्या नियमांत पुढील तपासणीची तरतूद असली, तरी इमारत उभी राहिली, कागदपत्रे दप्तरदाखल झाली आणि दर्शनी भिंतीवर ताऱ्यांची पाटी लागली, की तिचे सृष्टीशी असलेले देणेघेणे चुकते झाले, अशी एकूण समजूत दिसते.

गावाकडचे जुने घर या अर्थाने कधी पुरे होतच नसे. कोकणात पावसापूर्वी शाकारणी व्हायची, फुटकी कौले बदलली जायची. देशावर मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती पसरून ती चोपून बसवली जायची. ओटे आणि भुई शेणामातीने सारवण्याचे काम तर घरातल्या बायकांच्या माथी वर्षभराचेच होते. त्या वास्तुशास्त्राचा निम्मा ग्रंथ डागडुजीचा होता, आणि तो कोणी लिहून ठेवला नसला तरी सुतार, कुंभार, गवंडी आणि घरची वडीलधारी माणसे यांना तो मुखोद्गत होता. सेवाग्रामची बापूकुटी याचा उत्तम दाखला आहे. पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याने खेड्यातील घर बांधावे, असे गांधीजींनी १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये लिहिले. हे वचन आज वास्तुरचनेच्या प्रत्येक परिसंवादात उद्धृत होते. पण माती, बांबू आणि कवेलू यांची ती कुटी इतकी दशके टिकली ती वचनाने नव्हे, वेळच्या वेळी लिंपणाऱ्या आणि कवेलू फेरणाऱ्या हातांनी, हे सांगण्याचे वक्त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

डागडुजीच्या या कलेच्या इतिहासात मराठवाड्यापुरती तरी एक तारीख दुभाजकासारखी उभी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे भूकंपाने ढासळली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे बहुतांशी आपल्याच घराच्या भिंतींखाली व माळवदांखाली गाडली गेली. त्या घरांची रचना समजून घेतली पाहिजे. भिंती दोन-तीन फुटांहूनही रुंद; पण आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पडदे निरनिराळे रचून मधल्या पोकळीत गोटे आणि माती भरलेली, आणि या दोन पडद्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसलेला. वर लाकडी खणांवर कडीपाट आणि त्यावर मातीचा जाड थर. हा थर मुळात जितका होता तितकाच राहिला नव्हता. दरवर्षी गळती लागली की जुनी माती काढून टाकण्याऐवजी तिच्यावरच नवी पसरण्याचा सोपा मार्ग पिढ्यानुपिढ्या पत्करला गेला होता, आणि छप्पर वर्षागणिक जड होत चालले होते. धरणी हादरताच भिंतीचे पडदे फाटून बाहेर कोसळले. जेथे खांब आणि तुळया एकमेकांत नीट जखडलेल्या होत्या, तेथे काही घरांचे लाकडी सांगाडे मात्र उभे राहिले.

त्यानंतर जो निवाडा झाला तो मला अर्धवट वाटतो. दगड आणि माती गुन्हेगार ठरली; आरपार दगड वगळणाऱ्या घाईची आणि भराव वाढवत नेणाऱ्या आळसाची चौकशी तज्ज्ञांच्या अहवालांत झाली, गावाच्या मनात झाली नाही. डागडुजीला शास्त्र असते. ते सुटले आणि केवळ भर घालणे उरले, की जी काळजी घराला जगवते तीच त्याचा काळ होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, सिमेंटची घरे. हे काम लहान नव्हते आणि त्या प्रसंगी सुरक्षिततेचा आग्रह धरणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु वाडा, गल्ली, पार आणि जनावरांचा गोठा यांची जी वीण होती ती त्या आखणीत बसली नाही, हेही खरे.

‘पक्के घर’ या शब्दाचा अर्थ तेव्हापासून सिमेंट असाच रूढ झाला. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. पाया, लिंटेल, छत अशा टप्प्यांची छायाचित्रे पाठवली की हप्ता सुटतो. स्थानिक साहित्याला योजनेची बंदी नाही. इतकेच नव्हे, ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’, म्हणजे प्रकृती, हुनर आणि लोकविद्या, या नावाने प्रांतोप्रांतीच्या घरांचे नमुने संग्रहितही केले आहेत. पण ज्या कामाचा दर दरसूचीत सहज हाती लागत नाही त्याचे अंदाजपत्रक करण्यास कनिष्ठ अभियंता कचरतो, आणि घर राखण्याचा तर हप्ताच नसतो. लाभार्थ्याला दोष कसा द्यावा? मातीची भिंत म्हणजे गरिबी, हे त्याला शिकवणारे आपणच. पुण्या-मुंबईच्या आसपास हौसेने उभी राहणारी मातीची शेतघरे पाहून तो हसत असेल, तर ते हसणे रास्त आहे. तिथल्या भिंती लिंपायला मजूर ठेवलेला असतो.

स्थानिक म्हणजे निरुपद्रवी, हा दुसरा एक भोळा समज. कोकणातील चिऱ्याचे घर मला कोणत्याही ताऱ्यांकित इमारतीपेक्षा सुंदर वाटते. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो, हा त्याचा गुण तर जणू वास्तूसाठीच घडवलेला. पण यंत्राने चिरे कापू लागल्यापासून सड्यांवर जी उघडी भगदाडे पडली आहेत, त्यांच्या शेजारीच कोठेतरी हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत आणि पावसाळ्यात फुलणारी, अन्यत्र न आढळणारी वनस्पतिसृष्टी आहे. पाच मैलांचा परीघ खरा. त्या परिघात काय काय खणून काढायचे, याचा हिशेबही त्याच परिघात मांडावा लागतो.

बेकरसाहेबांचे उदाहरण येथे टाळता येत नाही. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या रचून मध्ये पोकळी राखणाऱ्या भिंती आणि स्लॅबच्या खालच्या भागात जुनी मंगलोरी कौले बसवून सिमेंट वाचवणारी छपरे लोकप्रिय केली. कल्पना साध्या होत्या. टिकल्या त्या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’सारख्या संस्थेने त्या गवंड्यांच्या हातात उतरवल्या म्हणून. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच्या निमुळत्या नळ्या एकात एक गुंतवून छताच्या कमानी उभारल्या, तेही याच जातीचे काम. आपल्याकडे अशा प्रयोगांची वाण नाही. बांबूचा खासगी जमिनीवरील कायदेशीर अडसरही २०१७ च्या दुरुस्तीने बराच दूर झाला. वाण आहे ती पुढच्या पिढीच्या गवंड्याची, ज्याला सिमेंटच्या कामावर रोज अधिक मिळतो आणि ज्याने तो घ्यावाच.

१९९३ च्या त्या भूकंपाने हादरलेल्या किल्लारीच्या परिसरात जी गावे हलवली नाहीत, तेथे जुन्या भिंतींना आरपार बांधून घेण्याची रीत भूकंपानंतर गवंड्यांना शिकवण्यात आली होती. भिंतीत भोक पाडायचे, सळई घालायची, काँक्रीट भरायचे. खर्च थोडा, कौशल्य बरेच. पुनर्वसित वसाहतींतही लोकांनी पुढे पदरमोड करून घरे वाढवली. कोठे पत्र्याचा आडोसा, कोठे जुन्या गावातून वाहून आणलेल्या दगडांची नवी भिंत. तिच्यात आरपार दगड घातला आहे की नाही, हे गिलाव्यामुळे बाहेरून दिसत नाही. ते ज्याने ती रचली त्या गवंड्यालाच ठाऊक असते.