अनामिक देहांचे उद्यान : ऑस्लो येथील विगेलान शिल्पोद्यानाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

परदेशप्रवासात शिल्पकृतींचा परिचय बहुधा संग्रहालयाच्या दालनात होतो. तेथे प्रेक्षकाची दृष्टी आधी माहितीच्या पाटीकडे आणि मग कृतीकडे वळते. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील फ्रोग्नर उद्यानातील विगेलान शिल्पोद्यान हा क्रम मोडते. वर्षभर विनामूल्य खुल्या असणाऱ्या या परिसरात कांस्य, ग्रॅनाइट आणि लोखंड या माध्यमांतील दोनशेहून अधिक शिल्पे आहेत. ती सर्व गुस्ताव विगेलान (१८६९–१९४३) या एकाच शिल्पकाराच्या कल्पनेतून साकारलेली आहेत. या शिल्पांतील अनामिकता हे उद्यानाचे बलस्थान कसे ठरते आणि त्याच अनामिकतेने काय झाकले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनामिकतेचे सामर्थ्य

१९२१ मध्ये शिल्पकार आणि नगरपालिका यांच्यात करार झाला. नगरपालिकेने कार्यशाळा व निवासस्थान द्यावे आणि त्या बदल्यात शिल्पकाराने आपल्या कृती शहराच्या स्वाधीन कराव्यात, असे त्याचे स्वरूप होते. पुढे आकारास आलेल्या शिल्पमालिकेत राजा, सेनापती वा संत नाही. पुलावरील ५८ कांस्यशिल्पे, कारंज्याभोवतीची झाडे व मानव यांचे समूह आणि उंचवट्यावरील ३६ ग्रॅनाइट समूह यांतून जन्म, बाल्य, प्रणय, कलह, वार्धक्य व मृत्यू यांचे चक्र उलगडते. मानवाकृती विवस्त्र असल्यामुळे त्यांचा काळ, देश व सामाजिक स्तर ओळखता येत नाही. परिणामी परक्या देशातून आलेला प्रेक्षक आणि स्थानिक नागरिक एकाच पातळीवर उभे राहतात.

या शिल्पांचा अर्थ स्पष्ट करून सांगण्याविषयी विगेलान उदासीन होता. एका ग्रॅनाइट समूहात गुडघ्या-तळव्यांवर ओणवी झालेली आई आहे. तिच्या पाठीवर दोन मुले स्वार झाली असून तिचीच वेणी लगामासारखी तिच्या तोंडात आहे. यात मातृत्वाचा आनंद पाहावा की मातृत्वाचे ओझे? शिल्प दोन्ही शक्यता जिवंत ठेवते. पुलावरील रागाने पाय आपटणाऱ्या लहान मुलाचा हात असंख्य प्रवाशांच्या स्पर्शाने चकाकू लागला आहे. प्रेक्षकाने कृतीशी जोडलेले हे नाते पाटीच्या मध्यस्थीवाचून निर्माण झाले आहे.

आक्षेप आणि त्याची मर्यादा

भव्य आकार, बळकट देह आणि सममितीय मांडणी यांमुळे या उद्यानाची तुलना १९३० च्या दशकातील हुकूमशाही राजवटींच्या शिल्पकलेशी केली गेली आहे. हा आक्षेप पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. येथे ध्वज, शस्त्र वा नेता नाही. उलट थकलेले वृद्ध, एकमेकांना सावरणारी शरीरे व हट्टी मुले आहेत. सत्तेच्या प्रचारशिल्पाला अशा दुर्बलतेची गरज नसते. मात्र देहांच्या घडणीतील एकसारखेपणा व्यक्तिविशेष पुसून टाकतो, हे मान्य करावे लागते. शिवाय या जीवनचक्रात श्रमाला जवळजवळ स्थान नाही. माणूस येथे जन्मतो, प्रेम करतो, भांडतो, मरतो. परंतु उपजीविकेसाठी काम करताना क्वचितच दिसतो.

श्रमाची अनुपस्थिती

ही उणीव उद्यानाच्या निर्मितीप्रक्रियेशी ताडून पाहिली असता अधिक अर्थपूर्ण ठरते. मध्यवर्ती एकाश्म स्तंभावर १२१ मानवाकृती एकमेकींत गुंफलेल्या आहेत. विगेलानने त्याचे प्रतिमान मातीत घडविले. प्रत्यक्ष पाषाणात ते उतरविण्याचे काम तीन पाथरवटांनी १९२९ पासून सुमारे १४ वर्षे केले. जोत्यासह सुमारे १७ मीटर उंचीचा हा स्तंभ पाहताना प्रवाशाच्या ओठी नाव येते ते एकट्या विगेलानचे. मुख्य शिल्पमालिकेपासून वेगळे असे शिल्पकाराचे स्वतःचे शिल्पही उद्यानात आहे. त्यात तो कामाच्या वेषात, हातोडा व छिन्नी घेऊन उभा आहे. कामाची साधने येथे दिसतात, परंतु ती कल्पना करणाऱ्याच्या हाती. वर्षानुवर्षे छिन्नी चालविणारे हात मात्र दृष्टीआड राहतात.

निष्कर्ष

विगेलान शिल्पोद्यानात अनामिकतेची दोन रूपे एकत्र नांदतात. शिल्पांतील देहांची अनामिकता ही कलावंताने केलेली निवड आहे आणि ती जगभरच्या प्रेक्षकांना मोकळीक देते. पाथरवटांची अनामिकता ही निवड नसून प्रथा आहे. पहिलीचा आस्वाद घेताना दुसरीचे भान सुटले, तर सार्वजनिक कलेचे मूल्यमापन अपुरे राहते. नगरपालिकेच्या आधाराने उभे राहिलेले हे उद्यान कोणी कल्पिले, या प्रश्नाइतकाच ते कोणाच्या हातांनी घडले, हा प्रश्नही समीक्षेच्या कक्षेत आणणे आवश्यक आहे.