उपदेशाच्या आखणीत तामार कुठे?

बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. दर रविवारी एक अध्याय घेतला तरी सगळे संपायला जवळजवळ २३ वर्षे लागतील. एका मंडळीत इतकी वर्षे राहणारा पाळक विरळाच. त्यामुळे निवड करावीच लागते, आणि ती विचारपूर्वक झाली नाही तर सवयीने होते. पौलाची आवडती पत्रे, ओळखीची स्तोत्रे आणि सणांचे नेहमीचे पाठ फिरून फिरून येतात. नहूम किंवा विलापगीत वर्षानुवर्षे कानावर पडत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे ठरवून दिलेली पाठसारणी. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये रविवारच्या पाठांचे तीन वर्षांचे चक्र आणले: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्याच धर्तीवर १९९२ मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी सामायिक सारणी निघाली. पाळकाला त्याच्या आवडीबाहेर नेण्याचे मोठे काम ती करते.

पण तिच्यातही खिंडारे आहेत. दुसऱ्या वर्षी दाविदाची कथा सुरू असते. एका रविवारी बथशेबा आणि उरीया, पुढच्या रविवारी नाथानाने केलेली कानउघाडणी आणि त्यानंतर एकदम अबशालोमाचा मृत्यू व बापाचा आक्रोश. मधला २ शमुवेल १३ वगळलेला आहे. त्या अध्यायात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. दावीद संतापतो, पण मुलाला शासन करत नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाला मारवतो आणि तिथून घर फुटत जाते. एवढे गाळल्यावर बापाचे रडणे ऐकू येते, त्याचा दोष दिसत नाही. घरच्याच माणसाचा अत्याचार सोसून मंडळीत बसलेल्या बाईला तर आपले दुःख पवित्र शास्त्रात आहे, हे कळतही नाही. मला ही उणीव गंभीर वाटते.

दुसरी वाट एकेक पुस्तक सलग घेण्याची. १५१९ च्या पहिल्याच दिवशी झ्विंग्लीने झुरिचमध्ये मत्तयापासून तसा आरंभ केला. कॅल्व्हिनला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवले. १५४१ मध्ये परतल्यावर त्याने जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरुवात केली. लंडनमध्ये मार्टिन लॉइड-जोन्स यांनी १९५५ ते १९६८ रोमकरांस पत्र घेतले आणि ते १४व्या अध्यायापर्यंत पोहोचले. मात्र ते शुक्रवारी संध्याकाळी. रविवारी त्यांचे इतर उपदेश असत. त्यांचा कित्ता रविवारच्या एकाच उपासनेत गिरवला, तर मंडळी एका पत्रातच अडकून पडेल.

माझ्या मते तीन-चार वर्षांची आखणी हवी. दरवर्षी एक शुभवर्तमान, एक संदेष्टा, एक पत्र आणि जुन्या करारातली एक कथा पूर्ण, तीही तिच्या अवघड भागांसह. काही रविवार मोकळे असावेत. दुष्काळ किंवा गावातला मृत्यू वेळापत्रक पाहून येत नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ भाषांतून अख्खे बायबल मराठीत आणले; ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये छापले गेले. त्यांनी तामारचा अध्याय गाळला नाही. पाळकांनी गेल्या पाच वर्षांतल्या उपदेशांची यादी काढावी, वडीलवर्गासमोर ठेवावी आणि पुढच्या वर्षी या अध्यायासाठी एक रविवार राखावा. उपदेश लिहिण्याआधी मंडळीतल्या स्त्रियांचे म्हणणे जरूर ऐकावे.